अरियलूरचे राहून गेलेले काम : रेल्वेमंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय यांस,

आपल्या पदावर आजवर आरूढ झालेल्या मंडळींपैकी एकाचे नाव, रेल्वेला मोठा अपघात झाला की, संसदेच्या सभागृहापासून गावच्या पारापर्यंत सर्वत्र आदराने घेतले जाते, आणि ते घेतले जात असताना विद्यमान मंत्र्याकडे राजीनाम्याच्या अपेक्षेने पाहिले जाते, हे आपणांस ठाऊक आहेच. १९५६ साली अरियलूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी मंत्रिपद सोडले. तो त्याग खरा होता, त्यामागची वृत्ती निर्मळ होती, आणि शास्त्रीजींचे चरित्र ज्याने थोडेबहुत जाणले आहे त्याला त्याविषयी तिळमात्र शंका येणार नाही. परंतु आज मी आपणांस लिहीत आहे ते राजीनामा मागण्यासाठी लिहीत नाही. अरियलूरच्या त्या पुलापाशी एक काम राहून गेले आहे. ते राजीनाम्याइतके दिपवणारे नाही, त्याला वर्षानुवर्षांचा चिवटपणा लागतो, आणि ते आपल्या अधिकारात आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी त्या रात्रीची हकीकत सांगतो, कारण ती आता फारशी कोणी सांगत नाही. २२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून तुतिकोरिनला जाणारी एक्सप्रेस निघाली. ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, तामिळ प्रदेशात नद्या-ओढ्यांना आलेला पूर, मीटरमापी एकेरी मार्ग, डब्यांत झोपी गेलेले शेकडो प्रवासी. २३ तारखेच्या पहाटे, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, अरियलूर मागे टाकून गाडी कल्लगमच्या दिशेने जेमतेम काही किलोमीटर गेली असेल नसेल, तोच मरुदैयार नदीवरचा पूल आला. आणि पुराने ज्याचा आधार आधीच काढून घेतला होता असा तो पूल गाडीच्या भाराखाली खचून इंजिन आणि त्यामागचे डबे एकावर एक नदीत गेले. मृतांची संख्या दीडशेच्या घरात गेली. सकाळी उजेड झाला तेव्हा मागचे काही डबे रुळांवर तसेच उभे होते, आणि त्यांतून उतरलेल्या माणसांना पुढच्या डब्यांचे काय झाले हे पाहावे लागले.

यापूर्वी तीन महिनेही झाले नव्हते, तोच २ सप्टेंबरला जडचर्ला आणि महबूबनगर यांच्या दरम्यान असाच एक पूल गेला होता आणि त्यात १०० हून अधिक माणसे मेली होती. त्या अपघाताचे आम्हां मराठी लोकांशी जे नाते आहे ते आमच्यातही विस्मृतीत गेले आहे. महबूबनगर तेव्हा हैदराबाद राज्यात होते, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हेही त्याच राज्यात होते. निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाल्यामुळे त्या पुलाचा कारभार थेट मुंबईच्या बोरीबंदरातील मुख्यालयाकडे येत होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादेकडे येणारी मीटरमापी वाट आणि तेथून महबूबनगरमार्गे द्रोणाचलमकडे उतरणारी वाट या दोहोंची दप्तरे एकच होती. महबूबनगरनंतर शास्त्रीजींनी राजीनामा देऊ केला, तो पंडित नेहरूंनी स्वीकारला नाही. अरियलूरनंतर तो स्वीकारला गेला, आणि शास्त्रीजी व्यक्तिशः दोषी आहेत असे मुळीच नसून घटनात्मक औचित्याचा एक दंडक पडावा म्हणून आपण तो स्वीकारीत आहोत, असा खुलासा पंतप्रधानांनी संसदेत केला. त्यांच्या जागी बाबू जगजीवनराम आले, आणि रेल्वेचा गाडा पुढे चालू लागला.

यानंतरच्या सात दशकांत अरियलूर हे नाव ज्यांच्या कानी पडले त्यांतील बहुतेकांना ते राजीनाम्याच्या संदर्भातच ऐकू आले. नदीचे नाव काय, पूल कशाने गेला, पाणी चढत असताना ते कोणी पाहत होते की नाही, पाहत असलाच तर गाडी थांबवण्याचे साधन आणि अधिकार त्याच्या हाती होते की नाही, हे प्रश्न त्या एका उदात्त कृतीच्या प्रभावळीत दिसेनासे झाले. मला वाटते, शास्त्रीजींना स्वतःला हे रुचले नसते.

महोदय, पुराने पूल जातो म्हणजे नेमके काय घडते, हे आपले अभियंते आपणांस माझ्याहून शतपट चांगले सांगतील. तरी प्रवाशाच्या बाजूने ते एकदा मांडून पाहण्याची मुभा द्यावी. मोठ्या नदीच्या पुलाला पुराचा धोका असतो तो पाण्याच्या धडकेपेक्षा पायथ्याच्या खरवडीचा अधिक. खांबाला अडखळलेला प्रवाह भोवऱ्यासारखा खाली वळतो आणि खांबाच्या मुळाशी असलेली वाळू उपसून नेतो. पूर ओसरू लागला की वरून वाहत आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो आणि तळ पूर्ववत् सपाट दिसू लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याला कोरड्या पात्रात खांब भक्कम उभा दिसतो, तो प्रामाणिकपणे तसे नोंदवून येतो, आणि त्या खांबाच्या पायाशी गतवर्षी किती खोल खड्डा पडला होता याची साक्ष देणारे तेथे काही शिल्लक उरलेले नसते.

लहान पुलाची, ज्याला आपण मोरी म्हणतो तिची, गोष्ट निराळी. तिच्यातून जितके पाणी जावे असा हिशेब बांधताना केलेला असतो त्याहून अधिक पाणी एका रात्रीत आले की ते रुळांच्या भरावाच्या वरच्या अंगाला तुंबते, भराव भिजून भुसभुशीत होतो, पाण्याची धार त्याला कोठेतरी भेदते, आणि पाहता पाहता खडी, माती, मुरूम सारे वाहून जाऊन रूळ व स्लीपर तेवढे अधांतरी शिडीसारखे लोंबत राहतात. हे सारे घडत असताना रूळ मात्र तुटलेले नसतात. आणि सिग्नलला गाडीची वर्दी देणारा विजेचा प्रवाह रुळांतूनच वाहत असल्यामुळे, खाली जमीन उरलेली नसली तरी, रूळ सलग आहेत तोवर सिग्नल हिरवाच राहतो. जुन्या एकेरी मार्गांवर चालकाच्या हाती जो लोखंडी गोळा दिला जाई, तोही पुढच्या स्थानकापर्यंत दुसरी गाडी नाही एवढीच हमी देत असे. वाटेत पूल शाबूत आहे, ही हमी त्यात नव्हती. आज यंत्रे बदलली, गोळा गेला, विजेच्या पट्टीवर गाड्यांचे दिवे सरकू लागले. पण पुलाखालच्या मातीची वर्दी देणारी सोय सर्वत्र झालेली नाही. देशात रेल्वेचे सुमारे दीड लाख पूल आहेत, त्यांतले बहुसंख्य लहान आहेत, आणि माणसे मेली आहेत ती पुष्कळ वेळा या लहानांवरच.

२९ ऑक्टोबर २००५ चे उदाहरण घ्या. रेपल्लेहून सिकंदराबादेकडे निघालेली डेल्टा पॅसेंजर नलगोंडा जिल्ह्यात वलिगोंडाजवळ आली तेव्हा वरच्या अंगाच्या तलावाचे पाणी अनावर होऊन एका लहानशा पुलाला घेऊन गेले होते. ११० हून अधिक माणसे गेली. सिग्नलने चालकाला अडवले नाही, स्थानकाने अडवले नाही, आणि ज्यांच्या शेतातून ते पाणी लोंढ्याने गेले त्या गावकऱ्यांना गाडी अडवायची कशी आणि कळवायचे कोणाला हे कधी कोणी सांगितलेले नव्हते.

आणि ४ ऑगस्ट २०१५ ची रात्र. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून वाराणसीला जाणारी कामायनी एक्सप्रेस नाशिक, जळगाव, भुसावळ, खंडवा करीत हरदा जिल्ह्यात शिरली. खिरकिया आणि भिरिंगी या स्थानकांच्या मध्ये माचक नदीच्या परिसरात अचानक आलेल्या लोंढ्याने मोरीपाशी भराव धुऊन नेला होता, तेथे तिचे डबे घसरले. आणि काही मिनिटांच्या आत शेजारच्याच रुळावरून मुंबईकडे येणारी जनता एक्सप्रेस त्याच जागी घसरली. ३० च्या आसपास माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी रेल्वेकडून असे सांगण्यात आले की, अपघातापूर्वी आठ-दहा मिनिटेच त्याच मार्गावरून गाड्या सुखरूप गेल्या होत्या. हे विधान खरे असेल, आणि त्यात बचावाचा सूर असेल असेही मी म्हणत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र ध्यानी घेतला पाहिजे. मागची गाडी पार झाली हा पुढच्या गाडीसाठी कोणताही पुरावा नव्हे. इटारसी-भुसावळ मार्गाने मी स्वतः अनेकदा गेलो आहे; मुंबईत मजुरी करून वर्षाकाठी एकदा घरी जाणारी जी कुटुंबे त्या गाड्यांच्या साध्या डब्यांत दाटीने बसतात, त्यांची सुरक्षितता आठ-दहा मिनिटांच्या योगायोगावर सोडता येणार नाही.

मग ती कशावर ठेवायची? आजमितीस ती मुख्यत्वे एका माणसावर ठेवलेली आहे, आणि त्या माणसाविषयी आपणांशी विशेष बोलायचे आहे. पावसाळ्यात रात्रीच्या वेळी, डोक्यावर इरले किंवा अंगात रेनकोट, एका हाती कंदील किंवा विजेरी, खांद्याच्या पिशवीत लाल बावटा आणि फटाके घेऊन जो गँगमन आपल्या वाट्याचे रूळ चालत तपासतो, तो भारतीय रेल्वेचा पुराविरुद्धचा खरा पहारा आहे. त्याच्यासाठी नियम आहेत आणि ते शहाणपणाचे आहेत. धोका दिसताच येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जाऊन ६०० मीटरांवर एक आणि १२०० मीटरांवर तीन फटाके रुळावर बसवायचे, कारण वेगात असलेली गाडी थांबायला किलोमीटरभर जागा घेते; त्याने आणि शेजारच्या गस्तवाल्याने भेटीच्या जागी वह्यांची अदलाबदल करायची; तो नेमल्या वेळी पोहोचला नाही तर स्टेशनमास्तराने सावधगिरीचा लेखी हुकूम दिल्याखेरीज गाडी पुढे सोडायची नाही. कागदावर यात उणे काढण्यासारखे काही नाही.

परंतु हा नियम ज्या हवेत पाळला जातो ती हवा पाहावी. आपल्या खात्यात गाडी खोळंबली की मिनिटामिनिटाचा हिशेब होतो, आणि तो खोळंबा कोणत्या शाखेच्या माथी मांडायचा याचा रोज सकाळी विभागाच्या कचेरीत काथ्याकूट होतो. पाणी रुळांच्या पातळीखाली हातभर आहे, वाढत आहे असे वाटते, पण खात्री नाही, अशा वेळी एक्सप्रेस गाडी थांबवणाऱ्या कनिष्ठ नोकराला, पाणी पुढे ओसरलेच तर, उद्या काय विचारले जाईल? त्याची कैफियत कोण ऐकेल? उलट, थांबवली नाही आणि गाडी पार झाली तर त्याला कोणी काही विचारणार नाही. म्हणजे त्याच्या मनाच्या तराजूचे पारडे आपण आधीच एका बाजूला झुकवून ठेवले आहे. आपल्या सहीचा एक स्पष्ट हुकूम निघावा, आणि तो प्रत्येक गँगच्या मुकादमापर्यंत, चावीवाल्यापर्यंत, स्टेशनमास्तरापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचावा, की पाण्याच्या शंकेवरून थांबवलेल्या गाडीचा खोळंबा कोणाच्याही खात्यावर मांडला जाणार नाही, आणि शंका निराधार ठरली तरी थांबवणाऱ्याची कसूर मानली जाणार नाही, तर त्याची दक्षता म्हणून नोंद होईल. या हुकुमाला रुपया लागत नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. पूल रेल्वेचा असतो, पाणी रेल्वेचे नसते. तेलंगणात काकतीयांच्या काळापासून बांधलेल्या तलावांच्या साखळ्या आहेत. वरचा फुटला की खालच्याचे भरते, आणि शेवटी तो लोंढा कोठेतरी रुळांच्या भरावाला येऊन भिडतो. तलाव पाटबंधाऱ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीकडे, ओढा महसूल खात्याकडे, भराव आपल्याकडे. अशा तलावांची यादी ठेवण्याचा आणि पावसाळ्यापूर्वी राज्याच्या अधिकाऱ्यांसह त्यांची संयुक्त पाहणी करण्याचा रिवाज आपल्या नियमावलीत फार पूर्वीपासून आहे. ही यादी तालुक्यागणिक जाहीर का होऊ नये? कोणत्या तलावाचा बांध केव्हा पाहिला, सांडवा मोकळा आहे की झुडपांनी बुजला आहे, दुरुस्ती कोणी करायची होती आणि झाली की नाही, हे त्या गावच्या चावडीवर लावले तर त्यात कोणते राजकीय गुपित फुटणार आहे? आणि ज्या गावाच्या शिवारातून तो लोंढा येतो, त्या गावच्या कोतवालाच्या किंवा पाटलाच्या हाती जवळच्या स्टेशनमास्तराचा दूरध्वनी क्रमांक असावा, ही अपेक्षाही अवाजवी नाही. वलिगोंड्याच्या रात्री हे असते तर काय झाले असते, हा विचार मनाला सोडत नाही.

हे होऊ शकते याचे दाखले आपल्याच घरात आहेत. कोकण रेल्वेने जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ मोठे घाव सोसले. ते पुरापेक्षा दरडींचे होते, तरी त्यानंतर तिने पावसाळ्याची वेगळी संथ वेळापत्रके, जागोजागीचे पर्जन्यमापक, रात्रंदिवसाची गस्त, मुसळधार पावसात गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणण्याची सक्ती, आणि काळ, सावित्री, वाशिष्ठी अशा नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा, अशी एकेक सोय अंगी बाणवली. त्याच सावित्रीवरचा महाडचा जुना दगडी रस्ता-पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह गेला, हे आम्ही विसरू शकत नाही. उत्तरेत हिमाचल प्रदेशाच्या सीमेवर चक्की नदीचा रेल्वेपूल २० ऑगस्ट २०२२ रोजी पुरात कोसळला, तेव्हा एकही जीव गेला नाही, कारण खांब निकामी होत असल्याचे ओळखून त्यावरून गाड्या आधीच बंद केलेल्या होत्या. त्या निर्णयामुळे कित्येकांची गैरसोय झाली असेल. तो निर्णय ज्याने घेतला त्याचे नाव वर्तमानपत्रांत आलेले माझ्या पाहण्यात नाही. अशा माणसाचा आपण जाहीर सत्कार करावा, कारण टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही.

परदेशातला एकच दाखला देतो. न्यूझीलंडमध्ये १९५३ च्या नाताळच्या आदल्या रात्री रुआपेहू ज्वालामुखीच्या मुखातील सरोवर फुटून चिखल-पाण्याचा प्रचंड लोंढा वांगाएहू नदीतून खाली आला, आणि टांगिवाई येथील पूल जाऊन एक्सप्रेस गाडीतली १५१ माणसे बुडाली. एक टपाल कर्मचारी रस्त्यावरून ते पाहून विजेरी हलवीत गाडीच्या दिशेने धावला; चालकाने ब्रेकही लावले; पण तोवर फार उशीर झाला होता. मार्च २००७ मध्ये त्याच सरोवरातून तसाच लोंढा पुन्हा त्याच नदीत उतरला. मधल्या काळात त्या देशाने वरच्या डोंगरावरच पाण्याची चाहूल घेणारी इशारायंत्रणा बसवली होती. इशारा वाजला, रस्ता आणि लोहमार्ग बंद झाले, आणि कोणीही मेले नाही. तिथे त्या रात्री धावणाऱ्या माणसाचे कौतुक करून लोक थांबले नाहीत, त्याचे काम डोंगरावर नेऊन ठेवले.

शेवटची विनंती चौकशीच्या अहवालांविषयी. अपघाताची चौकशी रेल्वेच्या कारभाऱ्यांनीच करू नये या शहाणपणातून रेल्वे निरीक्षकांचे खाते १९४१ साली रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले गेले. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्त त्याच परंपरेने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या अहवालांत माती, पाणी, वेळ, जबान्या, कसुरी यांचा जो तपशील असतो तोच या देशाचा पुरांविषयीचा खरा अनुभव आहे. पण तो पूर्ण स्वरूपात आणि वेळेवर सामान्य नागरिकाच्या, पत्रकाराच्या, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणे दुरापास्त असते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीपासून २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीपर्यंत अनेक विद्वानांनी सुरक्षिततेचा विचार मांडला; काकोडकर समितीने तर रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र असे वैधानिक सुरक्षा प्राधिकरण असावे असे स्पष्ट सुचवले. त्या शिफारशीचा निकाल आपण एकदाचा लावावा, मान्य किंवा अमान्य, पण कारणांसह.

तेव्हा महोदय, मागणी थोडक्यात पुन्हा सांगतो. पाण्याच्या शंकेवरून गाडी थांबवणाऱ्याला अभय देणारा हुकूम, रेल्वेला बाधक ठरणाऱ्या तलावांच्या पाहणीची गावोगाव जाहीर यादी, ज्या मोऱ्यांवर पूर्वी पाणी चढल्याची नोंद दप्तरी आहे त्या साऱ्यांवर पातळीची वर्दी स्थानकापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा, आणि प्रत्येक अपघाताचा संपूर्ण अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, चौथीला अत्यल्प लागतो, आणि तिसरीला जो लागेल तो स्थानकांच्या संगमरवरी दर्शनी भागांवर होणाऱ्या खर्चापुढे मोठा ठरू नये. पाऊस जूनमध्ये येतो. हे हुकूम आपण त्यापूर्वी काढावेत, आणि काढल्याचे संसदेत सांगावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक रेल्वेप्रवासी